पंचकल्याणीच्या चिखल्या

निवृत्तीनंतर काय करू नये, याची एक यादी शिक्षक संघटनेनं छापून प्रत्येकाच्या पेन्शनच्या कागदांना टाचून द्यायला हवी. पोराला धंदा काढून देऊ नये, भिशीचं अध्यक्षपद घेऊ नये, आत्मचरित्र लिहू नये, एवढं माझं मलाच कळत होतं. घोडी घेऊ नये, हे मात्र कुणी सांगितलं नाही. शेलूबाजारात कुणी मास्तर घोडी घेईल, ही शंकाच कुणाला आली नसावी.

माझ्या डोक्यात ते आलं इतिहासामुळे. हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळांत इतिहास शिकवला. फळ्यावर खडूचे बाण काढत मराठ्यांचं घोडदळ मी दरवर्षी अटकेपर्यंत नेलं आणि घंटा व्हायच्या आत परत आणलं. प्रत्यक्ष घोड्यावर बसलो तो फक्त स्वतःच्या लग्नात, आणि ते घोडंही बँडला बुजल्यामुळे मारुतीच्या पारापासून पुढचा रस्ता मी पायीच गेलो होतो. तरीही घोड्यातलं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. शिक्षकाची अशी समजूत मोडायला जिवंत जनावर लागतं.

हिशेब तसा सरळ होता. आमचं गाव चौफुलीवरचं. अकोला-मंगरूळपीर रस्ता आणि जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता इथं एकमेकांना छेदतात. त्यात ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शेलूबाजारला चढायउतरायची सोय झाली. वरातीची घोडी टेम्पोत चढवली की कारंजा काय, मेहकर काय, कुठलीही सुपारी घेता येईल. त्या रस्त्यावर मोटारसायकललाही मज्जाव आहे, मग माझी घोडी तिथून दिमाखात जाणार, या कल्पनेनंच मी निम्मा विरघळलो. उरलेला निम्मा प्रॉव्हिडंट फंड होता, तोही विरघळला.

घोड्यांच्या बाजारासाठी मालेगावला गेलो. आमच्याकडे मालेगाव म्हटलं की वाशिमजवळचं, बाहेरच्या माणसाला नाशिककडचं. घोड्यांचं मालेगाव तिसरंच, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. मार्गशीर्षातल्या यात्रेत तिथं घोडी, गाढवं, उंट सगळं मिळतं. दलालानं माझा हात रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबली. माणूस मोठा अगत्यशील दिसतोय असं वाटून मीही त्याची बोटं प्रेमानं दाबली. रुमाल काढला तेव्हा सौदा झालेला होता. मग तो म्हणाला, दात बघून घ्या. मी बघितले. होते.

भाव इतका का, असं नंतर विचारलं तर त्यानं घोडीच्या पायांकडे बोट केलं. चारही पाय गुडघ्याखाली पांढरेशुभ्र, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी! अशी घोडी दारात असली की लक्ष्मी हटत नाही, आणि नवरदेवाच्या वरातीला तर तिलाच मागणी. म्हणजे जास्तीचे पैसे मी मोजले ते त्या चार पांढऱ्या पायांचे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं डॉक्टरांनी मला नेमकं हेच पाय दाखवले.

घोडीचं नाव ठेवलं हिरकणी. तिच्याबरोबर एक पोरगाही मिळाला होता, मोतद्दार म्हणून. तो फारसा बोलायचा नाही, आंघोळीचाही त्याला कंटाळा, आणि घोडीलाही तो कधी धुवायचा नाही. चिखल-धूळ वाळली की खरारा घेऊन खसाखसा झाडायचा, बस्स. माझ्या मते हा निव्वळ आळस होता. माघापासून ज्येष्ठापर्यंत लग्नं बरी मिळाली. हिरकणी ढोलावर नाचली, नवरदेव पडले नाहीत, दोनचार ठिकाणी मलाही जेवणाचा आग्रह झाला. आषाढी एकादशी आली, देव झोपले, लग्नं थांबली, आणि पोरगा म्हणाला, “गुरजी, आता चार महिने घोडी निस्ती खाईन. म्या फवारनीच्या कामाले जातो.” गेला.

मी म्हटलं जा. नकुल राजपुत्र असून विराटाच्या घरी ग्रंथिक नावानं घोडे सांभाळत होता, मी तर साधा पेन्शनर आहे.

पाऊस लागला. वऱ्हाडातली काळी माती ज्यानं पावसाळ्यात तुडवली नसेल त्याला या लेखाचं दुःख कळणार नाही. ही माती पाणी पिते, फुगते आणि सोडत नाही. चप्पल घालून निघालेला माणूस घरी पोचतो तो चप्पल हातात घेऊन, आणि तीही एकच. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते, तेव्हा वाटतं हिला पाण्याची किती आस. पावसाळ्यात कळतं की हिला पाण्याबरोबर तुमचे पायही हवे असतात. आमच्या घरामागं घोडीसाठी पत्र्याचा आडोसा केला होता, तिथं तर वरचं पाणी, घोडीचं मूत, कुटार आणि माती यांचा असा काला झाला की हिरकणी खुरांच्या वरपर्यंत त्यात उभी.

पांढरे पाय काळे झालेले मला बघवेनात. शिवाय मी मुलांना आयुष्यभर काय शिकवलं? जेवणाआधी हात धुवा, शाळेत येताना पाय धुवा. गाडगेबाबांच्या विदर्भातला माणूस मी. स्वच्छता अभियानाच्या प्रभातफेऱ्या काढलेल्या. बोअरवेलची नळी ओढली आणि सकाळ-संध्याकाळ घोडीचे पाय धुवायला लागलो. नुसते धुतले नाहीत, साबण लावला, भांडी घासायचा ब्रश घेतला, खुराच्या वर मागच्या बाजूला जी खोबण असते तिथं बोट घालून घासलं. हिरकणी मान वळवून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं कृतज्ञता. धुऊन झालं की ओल्या पायांची घोडी परत त्याच काल्यात नेऊन उभी करायची आणि मी समाधानानं चहा प्यायला जायचो. बाबांच्या हातात खराटा होता, नळी नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला श्रावण उजाडावा लागला.

आधी त्या खोबणीतली कातडी लालसर दिसली. मग बारीक पुळ्या, मग खपल्या. केस एकत्र चिकटून त्यांची टोकं झाली. मला वाटलं, चिखलच वाळलाय. नखानं एक खपली उपटली तर तिच्याबरोबर केसांचा अख्खा झुपका मुळासकट उपसून आला, खालच्या बाजूला पिवळट पू, आणि घोडीच्या पायावर गुलाबी, ओली, कच्ची जागा. तो झुपका माझ्या बोटांत उभा होता, रंगाच्या ब्रशासारखा. मी आणखी एक उपटली. मग तिसरी उपटायला गेलो आणि हिरकणीनं पाय झटकला.

लाथ म्हणावी असा तो प्रकार नव्हता. तिनं फक्त पाय तिथून काढून घेतला, मी मध्ये होतो. त्या काल्यात मी पाठीवर पडलो तेव्हा वरून पाऊस पडत होता आणि मागच्या दारात आमच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, आता तुम्हाला कोण धुणार?”

गावात घोडं आजारी पडणं ही घटना दुर्मीळ, त्यामुळे चौफुलीवरच्या चहाच्या टपरीवर माझ्या घोडीच्या पायाची चर्चा सोयाबीनच्या भावाआधी व्हायला लागली. “गुरजी, घोडीले चिखल्या झाल्या,” असं निदान पहिल्याच दिवशी झालं, आणि ते अगदी बरोबर होतं. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत होतात, त्या चिखल्या कुणाला ठाऊक नाहीत? पण निदान एक आणि उपाय जितके ग्लास तितके. चुना लाव. हळद-तेल लाव. मोरचूद कालवून लाव. फिनाईल ओत. राखेत उभी कर. जळकं ऑईल फास, दोन दिवसांत बरी होईन. एक ट्रकवाला नागपूरकडे चालला होता, त्यानं तर गाडीतला ग्रीसचा डबाच काढून दिला आणि पैसेही घेतले नाहीत. मोफत सल्ल्याबरोबर मोफत औषध मिळाल्यावर मास्तर नाही म्हणतो का?

मोरचूद आणि फिनाईलला मी हात लावला नाही, तेवढी अक्कल कुठून आली कोण जाणे. हळद-तेल मात्र लावलं. पांढरे पाय पिवळे झाले, लग्नाची घोडी हळदीलाच बसली. त्यावर ग्रीस. खपल्यांवर ग्रीस, ग्रीसवर कुटार, कुटारावर माती, आणि या सगळ्याच्या आत सकाळ-संध्याकाळच्या धुण्याची ओल जशीच्या तशी बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घोडीनं काळे मोजे घातलेत. आतलं त्या मोज्यांना माहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागचा डावा पाय खुरापासून वर सुजला आणि हिरकणी लंगडू लागली.

या काळात मी पुस्तकंही उघडली होती, हे सांगायला हवं. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणावैरण आताच उधळलं तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील, रयतेला उपद्रव देऊ नका, दिव्याची पेटती वात उंदरानं नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंत बारकाईनं लिहिलेलं ते पत्र. मी ते पुन्हा शब्दन् शब्द वाचलं. घोड्याचे पाय धुण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ज्यांनी उंदराचा विचार केला त्यांनी नळीचा केला नसेल का, ही शंका मला त्याच वेळी यायला हवी होती. शिवाय मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला बसायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायच्या, हेही मीच शिकवलेलं. त्यामागं नद्यांचे पूर, वैरण, दाणागोटा अशी कारणं मी परीक्षेत मुद्देसूद लिहून घ्यायचो. घोड्यांचे पाय हा मुद्दा कुणा पोरानं लिहिला असता तर मी अर्धा गुणही दिला नसता.

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. ते आले, गाडीवरून उतरले आणि आधी माझ्या पाया पडले. माझा विद्यार्थी निघाला! चौथीत होता. मग त्यानं घोडीच्या पायांकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आदर थोडा ओसरला.

“सर, हिला रोज कोण धुतं?”

“मी. दोन वेळा.”

“तुम्ही आम्हालाही धुवायला लावायचे,” तो म्हणाला. “हौदावर. थंडीत.”

मग तिथंच पत्र्याखाली उभा राहून त्यानं माझा तास घेतला. घोड्याच्या कातडीला खरी भीती चिखलापेक्षा ओलीची. सतत ओली राहिली की कातडी भिजून फुगते, मऊ पडते, वर ब्रशनं घासली की सोलवटते, आणि मग त्या फटींतून जिवाणू आत शिरतात. त्यातला मुख्य संशयित डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस. १९१५ साली बेल्जियन काँगोतल्या गुरांच्या कातडीत तो पहिल्यांदा वर्णिला गेला, म्हणून आडनाव तिकडचं. कातडी कोरडी आणि धड असली तर त्याचं काही चालत नाही. ओल मिळाली की मात्र याचे बीजाणू चक्क पोहत पुढं सरकतात. “म्हणजे तुम्ही रोज दोनदा त्याच्यासाठी तलाव भरत होता,” डॉक्टर म्हणाले. खिशातल्या कागदावर त्यांनी चित्रही काढून दाखवलं: खपली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर गोल गोल पेशींच्या समांतर रांगा दिसतात, अगदी रेल्वेचे रूळ. शेलूबाजारला रेल्वे नाही. रूळ आले ते असे, आणि तेही माझ्या घोडीच्या पायावर.

“आणि पांढऱ्याच पायांना का? माझ्याकडे चारही पांढरे आहेत,” मी काहीशा अभिमानानं म्हणालो.

“म्हणून तर. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, तिच्यात रंगद्रव्य नाही. ती नाजूक. अशा पायांना हे लवकर धरतं, उन्हानंही पोळतं.” मग त्यांनी आजूबाजूला घाणेरी आहे का बघितलं, कारण ती पोटात गेली तर यकृत बिघडतं आणि मग कातडीचा पांढरा भाग साध्या उन्हानंही भाजल्यासारखा होतो, गाजरगवतातही घोडी चरत नाही ना, विचारलं. पायांचे खरजेचे किडे, बुरशी यांचीही खपल्या बघून चाचपणी झाली. गरज पडली तर खपली अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत पाठवू म्हणाले. माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब चालला होता: मालेगावच्या त्या दलालानं ज्या चार पायांचे वाढीव पैसे घेतले, ते चार पाय म्हणजे रोगाला दिलेली चार आमंत्रणं होती, आणि ती मी रुमालाखाली स्वतःच्या बोटांनी लिहून दिली होती.

ग्रीस काढण्यात एक अख्खी दुपार गेली. त्याचं वर्णन करत नाही.

उपचार ऐकायला सोपा. खपल्यांभोवतीचे केस कापायचे. क्लोरहेक्झिडिनचं औषध कोमट पाण्यात त्यांनी सांगितलं तेवढंच पातळ करायचं, त्यानं खपल्या भिजवून दहा मिनिटं थांबायचं. ज्या मऊ होऊन आपणहून सुटतील त्या काढायच्या, ज्या नाही सुटल्या त्यांना हात लावायचा नाही. नंतर धुवून पाय कोरडा करायचा, अगदी कोरडा. मग मलमाचा पातळ हात, थापायचं नाही, पट्टी करकचून बांधायची नाही. पाय सुजला होता म्हणून इंजेक्शनं त्यांनी स्वतः दिली, आणि धनुर्वाताचंही. घोडा एवढं धिप्पाड जनावर, पण धनुर्वाताला फार हळवं. (परळच्या हाफकिनचं नाव आपल्याकडे सर्पदंशाच्या लसीमुळे माहीत आहे, ती लस घोड्याच्या रक्तातूनच तयार होते. आमच्या भागात सोयाबीन-तुरीत साप चावलेले कितीतरी लोक त्या घोड्यांचे देणेकरी आहेत. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सर, पाय धरा.)

हातमोजे घालायचे, कारण हे माणसालाही लागू शकतं, असं त्यांनी बजावलं. मी माझी चप्पल काढून बोटांच्या बेचक्या दाखवल्या. माझ्याही पायांना चिखल्या झाल्याच होत्या. “तुमची ती बुरशी असावी,” ते म्हणाले, “पण औषध तेच: कोरडे ठेवा.” मग त्यांनी मला सगळं पुन्हा म्हणायला लावलं. पाढे म्हणतो तसं. “मऊ झालेल्याच काढायच्या,” मी म्हणालो. “सुक्या?” “ओढायच्या नाहीत.” “ओला चिखल लागला तर?” “धुवायचा.” त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. “नाही नाही, वाळू द्यायचा, मग झाडायचा!” मी ओरडलो. मागच्या दारातून कुणीतरी हसलं.

‘अगदी कोरडा’ या दोन शब्दांनी आमच्या घरात काय उत्पात केला ते सांगतो. भर श्रावणात हवाच ओली. गोणपाटानं पुसलं तर ते ओलं, जुन्या धोतरानं पुसलं तर तेही ओलं. म्हणून मी कपाटातून टॉवेल काढले. त्यात एक मऊ गुलाबी टॉवेल होता, लेकीनं तिच्या आईसाठी दिवाळीत आणलेला, अजून घडीही न मोडलेला. त्यानं हिरकणीचे पाय फार छान पुसले गेले. तरी त्या खोबणीत ओल राहायचीच. मग लेकीनंच आईला दिलेला हेअर ड्रायर आठवला. पत्र्याखाली एक्स्टेंशन बोर्ड ओढला, गार हवेवर ठेवला आणि घोडीच्या पायाशी उकिडवा बसलो. पहिल्यांदा हिरकणीनं कान पाडले, नाकपुड्या फुलवल्या. दुसऱ्या दिवशी ती शांत उभी राहिली. पुढं पुढं तर ड्रायरचा आवाज आला की स्वतःहून मागचा पाय थोडा उचलून, खुराच्या टोकावर टेकवून, वळून बघायची: इकडे धरा. डोळे अर्धवट मिटलेले, खालचा ओठ लोंबलेला. वीज गेली की फुर्र करून निषेध नोंदवायची.

असं चाललेलं असताना सौभाग्यवती मागं येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, माझे केस वाळवायला कधी धरलात का हा?”

“तुला खपल्या कुठं झाल्यात?” मी कामाच्या नादात म्हणालो. हे वाक्य मी नंतर रीतसर मागं घेतलं. मागं घेतल्याची पोच अजून मिळालेली नाही.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त अपमान केला तो एका टट्टूनं. वस्तीवरच्या धनगर आजोबांचं टट्टू, मेंढरांमागं फिरणारं, पाठीवर बिऱ्हाड वाहणारं. अंगावर चिखलाचे पापुद्रे, शेपटीत काटे, आणि पाय ठणठणीत. भीमथडीच्या तट्टांच्या जोरावर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला, हे मी शिकवायचो. त्या भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंदही अलीकडेच झाली. पण समोर उभं असलेलं हे टट्टू कुठल्या जातीचं हे विचारायचंही मला कधी सुचलं नव्हतं. मी आजोबांना विचारलं, याला चिखल्या होत नाहीत?

“नाई बा.”

“काय लावता?”

“काई नाई. पिण्याबिगर म्या त्याले पाणी दाखवलंच नाई. गारा वाळते न आपोआप पडते. राती टेकावर बांधतो, मुरमावर. तुमी धुता कायले?”

मी म्हटलं, स्वच्छता. आजोबांनी टट्टूकडे बघितलं, टट्टूनं माझ्याकडे. ब्रिटिश घोडदळाच्या जुन्या शिस्तीतही चिखलाचे पाय धुऊ नका, वाळू द्या आणि मग झाडा, असंच सांगितलेलं असायचं, हे मला नंतर वाचायला मिळालं. म्हणजे गोऱ्या साहेबाला, धनगर आजोबांना आणि फवारणीला गेलेल्या माझ्या त्या आळशी पोराला जे ठाऊक होतं, ते न कळलेला पंचक्रोशीतला एकमेव माणूस मी, आणि शिकवायचा पगार घेतला तोही मीच.

मुरमाची गोष्ट मात्र डोक्यात बसली. नुसतं पाय पुसून काय होणार, घोडी परत काल्यातच उभी राहणार. पोळ्याच्या आधी दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. नुसता टाकला तर काळ्या मातीनं तो गिळून टाकला; गवंडी म्हणाला, आधी खालचा गारा खरवडून काढा, गिट्टी भरा, मग मुरूम ठोका आणि एका बाजूला उतार द्या. तसं केलं. पत्र्याचं पाणी जायला नाली काढली, वर कोरडं गवत अंथरलं, ओलं झालं की रोज उपसून टाकायचं. हा ओटा आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा महाग पडला, ही तुलना मी केलेली नाही, ती मला ऐकवण्यात आली. पोळ्याला गावभरचे बैल सजून तोरणाखाली आले, हिरकणी नव्या ओट्यावर उभी राहून बघत होती. खपल्या गळल्या होत्या, गुलाबी कातडीवर बारीक नवे केस येत होते.

त्यानंतरही सवय लागलीच. रोज सकाळी हात फिरवून खोबणी चाचपायची. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला खरखर लागते. पावसात बाहेर काढायचीच वेळ आली तर आधी कोरड्या, स्वच्छ पायावर मलमाचा पातळ थर. ओल्या किंवा मळक्या पायावर तेच मलम म्हणजे पुन्हा ग्रीस. चौफुलीवर आता कुणाच्या म्हशीला, बकरीला, काहीही झालं तरी लोक मला विचारतात आणि मी सांगतो, कोरडं ठेवा. दोनचार वेळा बरोबरही निघालं.

तुळशीचं लग्न झालं, देव जागे झाले, पोरगा फवारणीवरून परत आला. त्यानं ओटा बघितला, खोबणीत बोट फिरवलं, एक अंकुरता केस ओढून बघितला आणि विचारलं, “धुतली होती काय?” मी विषय बदलला.

पहिली सुपारी मंगरूळपीरकडच्या एका गावची. झूल, मोरपिसांचा तुरा, पायांत घुंगरू, चारही पाय दुधासारखे. नवरदेव चढला, बँड सुरू झाला, हिरकणी नाचत नाचत मांडवाच्या दारात आली. मी मुद्दाम बरोबर गेलो होतो, फेटा बांधून. आणि नवरीकडची एक आजी तांब्याभर पाणी घेऊन पुढं आली, घोडीच्या पायांवर घालायला.

“पाणी नको!” मी जो ओरडलो त्यानं बँड थांबला.

मांडवात कुजबुज सुरू झाली. नवरदेवाकडच्यांनी पाणी नाकारलं. कुणाचा मान राहिला? कुणी काय बोललं? नवरीचे मामा बाह्या सरसावत आले, नवरदेवाचे काका त्यांच्याहून पुढं. वर बसलेल्या नवरदेवाला वाटलं घोडी उधळणार, त्यानं दोन्ही हातांनी आयाळ धरली. मग मला खुलासा करणं भाग पडलं. मी भर मांडवात कातडी, ओल, बीजाणू, सगळं समजावून सांगितलं, आणि ओघात काँगोचंही नाव घेतलं.

“काँगो नाई आणला गुरजी,” बँडवाला म्हणाला, “ढोल-ताशाच हाय.”

आजींनी मात्र एक शब्दही ऐकला नव्हता. रीत ती रीत. मी बोलत असतानाच त्यांनी तांब्या कलता केला आणि हिरकणीच्या पुढच्या दोन्ही पायांवर, नेमक्या खोबणीत जाईल असं पाणी ओतलं. उरलेलं मागच्या पायांवर.

तेवढ्यात नवरीचे वडील आले. रुसलेला माणूस घोडीवाला आहे की आणखी कुणी, हे न बघता त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला आणि हात जोडले. मी टोपी सारखी केली, खाली बसलो आणि त्या टॉवेलनं हिरकणीचा पुढचा उजवा पाय पुसायला घेतला. तिनं तो लगेच उचलून खुराच्या टोकावर टेकवला आणि डोळे मिटले. टॉवेल एका पायातच भिजला.

नवरीचे वडील क्षणभर बघत राहिले. मग मांडवाकडे वळून त्यांनी हाक दिली, “अबे, आनखी तीन टॉवेल आना रे! चार पाय हायेत.”